जुन्या एमजीबीसाठी ऑइल कसं निवडाल?

पुण्यात नाना पेठेतल्या ऑइलच्या काउंटरवर "जुनी स्पोर्ट्स कार आहे, चांगलं ऑइल द्या" एवढंच म्हणालात, की सगळ्यांत महागडा डबा पुढे सरकतो. म्हणून निघण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. मी माझ्या एमजीबीपुरतं, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स कारपुरतं सांगतो: १९६२ साली आलेलं मॉडेल, १७९८ सीसीचं इंजिन.

इंजिनाला २०डब्ल्यू-५० मिनरल (सिंथेटिक नसलेलं) घ्या. 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा थंडीतला, पलीकडचा तापलेल्या इंजिनातला. पुण्यात डिसेंबरच्या पहाटेही बर्फ पडत नाही, त्यामुळे ०डब्ल्यू-५डब्ल्यूचे लाड नकोत. एप्रिलच्या दुपारी कात्रजचा घाट चढताना मात्र ५० कामाला येतो.

मग डबा उलटा करून जस्त-फॉस्फरसबद्दलची बारीक अक्षरं वाचा. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्याच्या दांड्याखालच्या टॅपेटवर थेट घासतो, आणि त्यांना जस्त-फॉस्फरसचा थर सांभाळतो. २००४ च्या 'एसएम' या एपीआय दर्जापासून (डब्यावरचा ऑइलचा प्रतवारी-शिक्का) ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखला गेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून. आपल्या गाडीला तो कन्व्हर्टरच नाही!

खरा घोळ गिअरबॉक्सचा. एमजीबीच्या गिअरबॉक्सलाही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० लागतं, हे मेकॅनिकला पटवायला पुस्तिकेचं पान दाखवावं लागतं. "साहेब, गिअरला ९० नंबर!" तो म्हणणारच. पण गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी. तिथलं ९० म्हणजे जाडीला साधारण इंजिनाचं ४०-५०. माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने 'जीएल-४ पेक्षा भारी' म्हणून जीएल-५ भरलं (जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे). वर्षभरात तिसरा गिअर टाकताना कर्रर्र. बॉक्स उघडला तर गिअर सहज जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा काळ्याठिक्कर. जीएल-५ मधलं गंधक पितळाला बाधू शकतं, त्यामुळे ज्या जुन्या गाडीची पुस्तिका गिअर ऑइलच सांगते, तिथे जीएल-४ मागा. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला मात्र ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइलच.

बदलताना इंजिन दहा मिनिटं चालवून चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या तळाचा) नट सोडा, फिल्टरही नवा बसवा. गिअरबॉक्समध्ये आधी ऑइल भरायची जागा उघडते का ते पाहा, मगच खालचा नट. नाहीतर रिकामा बॉक्स घेऊन बसाल.

शेवटी गाडी तापू द्या आणि सिग्नलला ऑइल प्रेशरचा काटा बघा. आयडलला १० ते २५, पळताना ५० ते ८० पीएसआय असेल तर खुशाल सिंहगडाकडे वळा.