पेशंट सोडून परतताना झोप कशी सांभाळायची

108 रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्या पायलट (म्हणजे चालक) भावांनो, जाताना झोप येत नाही. मागे पेशंट असतो, सायरन चालू असतो, अंग आपोआप ताठ राहतं. खरा धोका परतीच्या वाटेवर. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात पेशंट सोपवला, स्ट्रेचर पुसून आत घेतलं, की सगळा ताण एकदम उतरतो. वेळ पहाटे तीनची आणि रत्नागिरीपर्यंत आंबा घाटाचा रस्ता उरलेला.

पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतंच, अनुभव कितीही असो. ताशी साठच्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी पन्नास मीटर पुढे गेलेली असते. काच खाली करणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यांवर विसंबू नका. थोड्या वेळात झापड परत येते.

मी घाट लागायच्या आधी, मलकापूरला, उजेडाची जागा बघून थांबतो. कंट्रोल रूमला कळवतो. इंजिन बंद, काच थोडी खाली. आधी कडक कॉफी पितो आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटतो. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून हा क्रम पाळा. उठल्या उठल्या स्टेअरिंग धरू नका. गाडीभोवती फिरा, टायर बघा, गुंगी पुरती उतरू द्या.

गाडीवरच्या डॉक्टरांना पुढे शेजारी बसवा आणि ड्युटीच्या सुरुवातीलाच ठरवून टाका: ते ‘दादा, थांबू या’ म्हणाले की वाद घालायचा नाही. मागचा फाटा कधी गेला हे आठवत नसेल, तर कुणी सांगायची वाटही बघू नका.

थकलेल्या हातांनी सुईला टोपण परत लावायचं नाही. ती थेट सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि तडक रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांना दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, पण आजारी-जखमींना नेणाऱ्या गाड्या त्यातून वगळल्या होत्या. मला हे फार लागतं. म्हणून सलग दुसरी ड्युटी गळ्यात पडली तर ‘झोप झालेली नाही’ हे सुपरवायझरला तोंडी सांगून थांबू नका, मेसेज करून ठेवा.

सकाळी घर लांब असेल तर लगेच दुचाकी काढू नका, बेसवरच, म्हणजे गाडी उभी राहते त्या ठिकाणीच, तासभर झोपा. घरी खिडकीला जाड चादर लावा आणि घरच्यांना सांगा, दुपारी दोनपर्यंत हाक मारायची नाही.