खंडन घरून बांधून आणू नका

शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली मुलं कॉलेजच्या वादविवादात पहिल्याच फेरीत बाहेर पडतात, आणि पडल्यावर आवाजाला दोष देतात. आवाज ठीकच असतो. वक्तृत्वात सगळं भाषण तुमचं असतं. वादविवादात अर्धं भाषण समोरच्याच्या तोंडून यायचं असतं, आणि ते टिपायला कुणी शिकवलेलं नसतं.

दोघांचा संघ, पक्ष-विपक्ष, पाच-सात मिनिटं, हा मराठी स्पर्धांचा साचा माहीत असेलच. संसदेच्या धर्तीवर चालणाऱ्या 'संसदीय' पद्धतीत विषय ऐनवेळी मिळतो. ब्रिटिश प्रकारात प्रत्येकी दोघांचे चार संघ, तयारीला 15 मिनिटं. आशियाई प्रकारात तिघांचे दोन संघ, तयारीला अर्धा तास. दोन्हीकडे मुख्य भाषण साधारण सात मिनिटांचं असतं आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटात मध्येच प्रश्न विचारता येत नाही. एवढं चार दिवसांत अंगवळणी पडतं.

खरा खड्डा खंडनाचा, म्हणजे समोरच्याचा मुद्दा खोडण्याचा. नागपुरात स्वतंत्र विदर्भ हा विषय कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, तेव्हा तोच घेऊ. पक्षाचा वक्ता म्हणतो: 1953 च्या नागपूर करारात निधी आणि नोकऱ्यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा ठरला होता, तो मिळाला नाही, म्हणून वेगळं राज्य हवं. विपक्षाचा विद्यार्थी उठतो आणि घरून घोटून आणलेलं सुरू करतो: "लहान राज्यं आर्थिकदृष्ट्या टिकत नाहीत..." टाळ्या मिळतात, गुण जातात. आर्थिक ताकदीबद्दल समोरचा बोललाच नव्हता. त्याची साखळी तीन कड्यांची होती: करार झाला, करार पाळला नाही, म्हणून राज्य वेगळं करा. कच्ची असेल तर तिसरी कडी. वचन मोडलं यावरून वेगळं राज्य हाच उपाय कसा ठरतो? संविधानाच्या 371(2) कलमात विदर्भासारख्या भागांसाठी विकास मंडळांची तरतूद आहे, तो मार्ग पुरेसा का नाही? आता पक्षाच्या वक्त्याला उत्तर देणं भाग आहे. तो म्हणेल, 1994 ची मंडळं 2020 च्या एप्रिलअखेर मुदत संपून थांबली, म्हणजे उपायही सरकारच्या मर्जीवर राहिला. चांगलं उत्तर आहे. इथून पुढे खरा वाद सुरू होतो.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, या चुकीला नाव आहे. वादात हार मानली जाण्याच्या 22 जागा, म्हणजे निग्रहस्थानं, तिथे सांगितली आहेत. त्यांतलं एक 'अननुभाषण': प्रतिपक्षाचं म्हणणं तीनदा सांगून झालं, सभेलाही कळलं, तरी तुम्हाला ते पुन्हा मांडता येत नाही. मांडता आलं नाही की हरलात. इतका कडक नियम आज कुणी लावत नाही. लावायला हवा, असं माझं मत आहे.

टिपणाची पद्धत अशी. ए-फोर कागद आडवा धरा, दोन घड्या घालून उभ्या तीन पट्ट्या करा. पहिल्या पट्टीत समोरच्याचा दावा त्याच्याच शब्दांत, दुसरीत त्याने दिलेलं कारण, तिसरीत तुमचा घाव, जास्तीत जास्त पाच शब्दांत. नवखे उदाहरणंच उतरवतात आणि 'कारण'ची पट्टी कोरी राहते. कोरी राहिली तर दोनच शक्यता: तुम्ही ऐकलं नाही, किंवा त्याने कारण दिलंच नाही. दुसरी शक्यता असेल तर तेच तुमचं खंडन. सात मुद्दे टिपले तरी उत्तर दोन-तीन मुद्द्यांनाच द्या, सगळ्यांवर एकेक फुंकर घालू नका.

नमुना हवा असेल तर 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं डॉ. आंबेडकरांचं भाषण वाचा. संविधानावर टीका कोण करतं, कम्युनिस्टांचा आक्षेप काय, समाजवाद्यांचा काय, हे ते आधी स्वच्छ मांडतात आणि मगच बोलतात. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, त्याचं प्रक्षेपणही हाच कागद घेऊन ऐका. गोंधळात कागद कोराच राहील, पण तोही सराव आहे.

भाषण लिहून देणाऱ्या सरांपासून आणि सीनियर दादांपासून लांब राहा. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तुमची सवय बिघडते. शेर आणि सुविचार एका भाषणात एकच, तोही कुणाचा आहे हे पक्कं ठाऊक असेल तरच.

बोलीची काळजी करू नका. "करून राहिले" असं विदर्भातल्या बोलीतलं तोंडून निसटलं म्हणून सामना जात नाही. बोली सांभाळण्याच्या धास्तीत विचार तुटतो, त्याने जातो. ण आणि ळ मात्र घासून घ्या, शेवटच्या रांगेत 'मण' आणि 'मन' वेगळे ऐकू गेले पाहिजेत.

वेगाचा हिशेब मिनिटाला 100 ते 120 शब्दांचा धरा. पाच मिनिटांत 500 ते 600 शब्द बसतात, त्यांतले निम्मेच तयार ठेवा, उरलेली जागा समोरच्यासाठी. माईक तोंडापासून चार-पाच बोटं लांब, हनुवटीच्या रेषेत, म्हणजे प-फ-भ फुटत नाहीत. कूलर सुरू असेल तर आवाज चढवू नका, वाक्यं आखूड करा. वेळ संपत आल्याची पहिली घंटा वाजली की नवा मुद्दा काढायचा नाही. तिसऱ्या पट्टीतला सगळ्यात जड घाव निवडा आणि तेवढाच पुन्हा घाला.