पाय उलायला लागले? आधी साबण आवरा, क्रीमचं नंतर बघू

नडगीवरून नख फिरवून बघा. पांढरी रेघ उमटली आणि तशीच राहिली तर कातडीचं सिमेंट धुपलंय असं समजा. आमच्या आईच्या पायावर दर डिसेंबरात अशा रेघा दिसायच्या, ती म्हणायची पाणी कमी पडतंय, मग तांब्यावर तांबे पाणी, रात्री चारदा बाथरूम, आणि पाय आपले तसेच खरबरीत.

पाणी आत असतंच हो, ते टिकत नाही ही गडबड आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा, जाडी जेमतेम १०-२० मायक्रॉन, कागदाहून पातळ, आणि या विटांच्या फटीत जो स्निग्ध माल भरलाय, म्हणजेच ते सिमेंट, तो साधारण निम्मा सेरामाइड (कातडीतलीच एक चरबी), पाव भाग कोलेस्टेरॉल (रिपोर्टमध्ये बघून आपण घाबरतो तेच) आणि बाकी बरंचसं फॅटी अ‍ॅसिड. हा माल आतलं पाणी उडू देत नाही आणि बाहेरचं साबण-धूळ-जंतू आत घेत नाही. चेहऱ्यावर येतं ते तेल वेगळं, ते ग्रंथींमधून येतं, त्यामुळे चेहरा तेलकट असूनही चुरचुरतोय असं होऊ शकतं. आणि तळपायाला त्या तेलाच्या ग्रंथीच नसतात, म्हणून टाचा आधी फुटतात.

तर करायचं काय? सगळ्यात आधी कढत पाणी बंद. बंबाच्या पाण्याने अंग लालेलाल झालं की आपल्याला बरं वाटतं पण तो माल तिथेच सैल होऊन साबणाबरोबर मोरीत जातो. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बस.

साबण रोज सगळ्या अंगाला लागतच नाही. काखा, जांघा, पावलं एवढंच. लोक टीएफएम (साबणातल्या एकूण चरबीचं प्रमाण) बघून घेतात, ७६ टक्के म्हणजे ग्रेड १ वगैरे, पण ग्रेड १ झाला तरी साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, आकडा मोठा तेवढी अल्कली जास्त) ९-१० असतो आणि कातडीचा पाचच्या आसपास. आंघोळीनंतर कातडी करकर वाजते ना, ती स्वच्छता नाही, धुपलेलं सिमेंट आहे. कातडी फारच कोरडी असेल तर साबणविरहित, ५.५ पीएचवाला बार घ्या. आणि घासणी? ती भांड्यांना.

मग टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, व्हॅसलिन वरून झाकण घालतं, सेरामाइडवाली क्रीम फटीतला माल भरायला मदत करते. महाग परवडत नसेल तर ओल्या अंगावर साधं व्हॅसलिनही भारी काम करतं, चिकट लागतं हे खरं. तेलच हवं असेल तर खोबरेल किंवा सूर्यफुलाचं, ऑलिव्ह नको, त्यातलं ओलेइक अ‍ॅसिड हाच थर ढिला करतं. अभ्यंग जरूर करा, पण नंतर उटणं रगडून पुन्हा साबण लावला तर तेलाचा उपयोग काय राहिला?

टाचांना रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, टिपून व्हॅसलिन किंवा कोकमाचं मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) जरा गरम करून भेगांत भरा, वर सुती मोजे. लगेच झोपा मात्र, ते मोजे घालून फरशीवर चालायला गेलात तर टाचेऐवजी कंबरेचा इलाज करावा लागेल.

एका रात्रीत काही होत नाही, हा वरचा थर पूर्ण बदलायला काही आठवडे जातात. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, रात्री खाजेने झोपमोड होत असेल, डायबिटीस असेल तर घरी प्रयोग नकोत, स्किनच्या डॉक्टरकडे जा. आणि मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली खाजेची ट्यूब आपणहून आणू नका, अशा बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं, चार दिवस मस्त वाटतं, पण जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते आणि हे सिमेंट तयार होणंच कमी होतं.