सातबारा, गुंठा आणि स्क्वेअर फूट: क्षेत्रफळाचं रूपांतर कसं करावं

पुण्याजवळ वाघोली-मांजरीकडे जागा बघायला गेलात की एजंट गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि घरी आल्यावर वडील विचारतात, "म्हणजे किती स्क्वेअर फूट?" फ्लॅटचंही तेच. करारनाम्यात कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये, सोसायटीच्या गप्पांत मात्र स्क्वेअर फूट. या सगळ्यावर एकच उपाय आहे. समोर कुठलंही माप येवो, आधी ते चौरस मीटरवर आणायचं आणि तिथून हव्या त्या मापात न्यायचं. गुंठ्यातून थेट आर, आरमधून थेट एकर अशा उड्या मारल्या की गडबड होते.

वहीच्या मागच्या पानावर एवढं लिहून ठेवा:

१ चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट
१ गुंठा = १,०८९ चौरस फूट = १०१.१७ चौरस मीटर
१ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौरस फूट = ४,०४६.८६ चौरस मीटर
१ आर = १०० चौरस मीटर
१ हेक्टर = १०० आर = २.४७१ एकर

गुंठ्याचे १,०८९ पाठ करायची गरज नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. इंग्रजांच्या मोजणीची गुंटर साखळी ६६ फुटांची, त्याच्या निम्मे ३३. वारात सांगायचं तर ११ वार बाय ११ वार, म्हणजे १२१ चौरस वार.

आता फ्लॅट. करारनाम्यात ५८.४२ चौरस मीटर लिहिलंय. कॅल्क्युलेटर असेल तर १०.७६४ ने गुणा, ६२८.८ चौरस फूट येतात. बिल्डरच्या ऑफिसात बसल्या बसल्या तोंडी करायचं असेल तर पावणेअकरा पट करा: दहापट ५८४, पाऊणपट ४४, झाले ६२८. उलट जाताना ०.०९२९ ने गुणायचं. ६५० चौरस फूट म्हणजे ६०.४ चौरस मीटर. मीटरचे फूट करताना ३.२८ ने गुणतात, म्हणून काहीजण चौरस मीटरलाही तोच आकडा लावतात आणि टू-बीएचके १९२ चौरस फुटांचा होतो. क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, त्यामुळे ३.२८ दोनदा गुणावा लागतो.

खोली स्वतः टेपनं मोजणार असाल तर इंच सांभाळा. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नव्हे, १०.५ फूट. इंचांना १२ ने भागूनच दशांशात लिहा. १० फूट ६ इंच बाय १२ फूट ९ इंच खोलीचा हिशेब १०.५ × १२.७५, म्हणजे १३३.९ चौरस फूट, अर्थात १२.४४ चौरस मीटर. १०.६ × १२.९ केलंत तर जवळजवळ तीन चौरस फूट फुकटचे वाढतात.

खरी मेख जमिनीत आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हे.आर.चौ.मी. असं येतं. ०.२०.०० म्हणजे शून्य हेक्टर, २० आर, शून्य चौरस मीटर. हे बघून "वीस गुंठे आहेत" असं सर्रास म्हटलं जातं, कारण आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. जवळजवळच! २० आर म्हणजे २,००० चौरस मीटर; त्याला १०१.१७ ने भागा, १९.७७ गुंठे मिळतात. वीस गुंठ्यांपेक्षा साधारण २५२ चौरस फूट कमी. गुंठ्याला दहा लाखांचा भाव धरला तर सव्वादोन लाखांहून जास्त फरक पडतो, आणि तो तुमच्याच खिशातून जातो. हेक्टरला "शंभर गुंठे" म्हणाल तर १,२६१ चौरस फुटांची तूट येते, म्हणजे चांगल्या ऐसपैस फ्लॅटएवढी. घेणारे असाल तर भाव ठरण्याआधीच विचारा, "गुंठा म्हणताय की आर?"

पोटखराबा, म्हणजे लागवडीला योग्य नसलेला भागही त्याच उताऱ्यावर वेगळा दाखवलेला असतो. रूपांतर करण्याआधी नेमका कुठला आकडा उचलताय ते बघून घ्या.

जुन्या फेरफारात (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदीत) किंवा आजोबांच्या खरेदीखतात एकर-गुंठे सापडतील. तिथे २-२० लिहिलं असेल तर ते २.२० एकर नाही, दोन एकर वीस गुंठे, म्हणजेच अडीच एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे मधल्या रेघेला दशांशचिन्ह समजून चालत नाही. सगळे गुंठे करा: ८० + २० = १००. गुणिले १०१.१७, आले १०,११७ चौरस मीटर. आजच्या सातबाऱ्यावर हेच क्षेत्र १.०१.१७ च्या आसपास दिसायला हवं. फारच वेगळं दिसलं तर मधले फेरफार काढून बघा. कुठेतरी विक्री, वाटणी किंवा रस्त्यात गेलेली जमीन असते.

दराचं रूपांतर उलट्या बाजूनं चालतं, इथे भलेभले अडखळतात. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, पुण्यातल्या फ्लॅटचा दर चौरस मीटरला असतो. चौरस फुटाचा दर हवा तर १०.७६४ ने भागायचं: ७०,००० रुपये चौरस मीटर म्हणजे साधारण ६,५०३ रुपये चौरस फूट. क्षेत्र गुणलं तर दर भागायचा, हे डोक्यात पक्कं असलं की उत्तर उलटं येत नाही. चौरस फुटाच्या दरावरून गुंठ्याचा भाव काढायला १,०८९ ने गुणा.

आणि आकडे शेवटी एकदाच पूर्णांकात आणा. प्रत्येक पायरीला "राहू दे, जवळपास आहे" करत गेलात तर मोठ्या क्षेत्रात काही गुंठे इकडेतिकडे होतात.

घराचं काम काढलं असेल तर कंत्राटदार ब्रास म्हणेल. प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फुटांचा, म्हणजे ९.२९ चौरस मीटर. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा असतो, त्याला हा हिशेब लावू नका.