दुबईला सू शेफ म्हणून निघतोयस, तर आधी एवढं उरक

पुतण्या पुढच्या महिन्यात दुबईच्या पंचतारांकित हॉटेलात सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा दोन नंबरचा माणूस) म्हणून चाललाय आणि घरात सगळ्यांची चर्चा काय तर बॅगेत शेंगाचटणी किती किलो बसंल. मी तिथं सहा वर्षं काढलीत, म्हणून त्याला सांगितलेलं इथं टाकतोय, सोलापुरातून अजून कुणी निघत असंल तर कामी येईल.

सगळ्यात आधी कागद. डिप्लोमाचं अटेस्टेशन मागितलं असंल तर आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास, हा क्रम चुकला की परत पहिल्यापासून, त्यामुळं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नको. ऑफर लेटरवर एकूण पगार बघून खूश होऊ नको, बेसिक किती ते बघ, ग्रॅच्युइटी बेसिकवरच निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाचे 21 दिवसांचे पैसे. आणि हुद्दा कागदावर वाच रे बाबा. मला एजंटनं तोंडी सू शेफ सांगितलं, सही केलेल्या कागदावर शेफ द पार्टी, म्हणजे सू शेफच्या खालची पायरी, निघालं, ती पायरी परत चढायला दीड वर्ष गेलं माझं. एजंटचं लायसन्स ई-मायग्रेट या सरकारी साइटवर तपास, त्याला फी 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढीच घेता येते, जास्त मागितली तर उठून ये.

आता किचन. तुझ्या हाताला चव आहे, ते मला माहितीये, पण सू शेफचा निम्मा दिवस रोस्टर, ऑर्डरिंग, फूड कॉस्ट आणि टेम्परेचर लॉगमध्ये जातो. थंड पदार्थ 5 डिग्रीच्या खाली, गरम 60 च्या वर, चिकन शिजल्यावर आत 75, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. माझ्या पहिल्याच आठवड्यात बँक्वेटच्या चिकनमध्ये मी कडेला प्रोब (थर्मामीटरची सुई) घातला, 78 आलं, लिहून टाकलं. मागून एक्झिक्युटिव्ह शेफ आले, ट्रेमधला सगळ्यात जाड तुकडा शोधला, प्रोब बरोबर मधोमध घातला, 66. काही बोलले नाहीत, ट्रे परत ओव्हनमध्ये ढकलला आणि लॉगवरचा माझा आकडा खोडून शेजारी सही केली. ती सही मला अजून दिसते. त्यामुळं प्रोब कुठं घालायचा ते आत्ताच घरी शिकून घे, आणि एक्सेलमध्ये रेसिपी कॉस्टिंग रोज एक करत जा. दहा किलो कांदा सोलून चिरल्यावर किती उरतो ते स्वतः वजन करून बघ. लग्नसराई आहे तर इथल्या एखाद्या केटरिंगवाल्याकडं चार दिवस उभा राहा, पाचशे पानं एकदम उठताना माणसं कशी हलवतात ते तिथंच कळतं.

बॅगेत सुऱ्या चेक-इनमध्ये, हँडबॅगेत अजिबात नको. सेफ्टी शूज इथंच महिनाभर घालून मऊ करून घे. काळा मसाला नेणार असशील तर खसखस न घालता कुटायला सांग, यूएईत खसखशीवर बंदी आहे. कोडीनवालं खोकल्याचं औषध घरीच ठेव. चटणी, कडक भाकरी बिनधास्त ने.

आणि मी होतो तेव्हा तिथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नव्हता, म्हणून वहिनीच्या फोनमध्ये बोटिम हे कॉलिंगचं ॲप तूच टाकून दे, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायच्या आधी तिला तिच्या हातानं एकदा लावून बघू दे.