ब्रेक केलं, पण कनेक्शन सुटलंच नाही

पायथनमधली आमची एक असिंक (एकाच वेळी अनेक कामं पुढे नेणारी) सेवा रोज दुपारनंतर गप्प व्हायची. एरर नाही, सीपीयू निवांत. डेटाबेसच्या पूलमध्ये (पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात) १० कनेक्शनं, आणि दहाही अडकलेली. दोन दिवस मी क्वेरींनाच दोष देत होतो.

कारण वेगळंच निघालं. डेटाबेसमधल्या ओळी एकेक करून देणारा असिंक जनरेटर (मागेल तसं पुढचं मूल्य देणारं फंक्शन) आत कनेक्शन धरून होता. ते परत करायचा कोड फायनलीमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या भागात) नीट लिहिलेला. पण हवी ती ओळ सापडली की मी असिंक फॉर लूपमधून ब्रेक करायचो, म्हणजे मध्येच बाहेर पडायचो, आणि ब्रेकने जनरेटर बंद होत नाही! तो यील्डवरच, म्हणजे ओळ देण्याच्या जागीच, थांबून राहतो. त्याला कुणी धरून ठेवलं नसेल, तर गार्बेज कलेक्शनच्या (नको असलेली मेमरी मोकळी करण्याच्या) वेळी इव्हेंट लूप, म्हणजे असिंक कामं चालवणारा भाग, त्याला आवरतो. मी तर तो सेशन ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवला होता, मग फायनलीची पाळी येणार कधी?

उपाय पायथनसोबतच येणाऱ्या काँटेक्स्टलिब मॉड्यूलमध्ये होता: ए-क्लोजिंग, पायथन ३.१० पासून मिळतं. जनरेटर असिंक विथ ब्लॉकमध्ये त्यात गुंडाळला. आता ब्रेक असो, एक्सेप्शन असो की टास्क रद्द होवो, ब्लॉकमधून बाहेर पडताना कनेक्शन तिथल्या तिथे परत जातं. जुनी आवृत्ती असेल तर ट्राय-फायनलीत जनरेटरचं ए-क्लोज स्वतः अवेट करा.

मग सगळा कोड चाळला. असे आणखी तीन जनरेटर सापडले, तेही गुंडाळले.