किनाऱ्यावरचे निवांत दोन दिवस: या चुका टाळा

गुहागरला माझ्या मावशीकडे थंडीच्या दिवसांत कुणी ना कुणी पाहुणे असतातच. सगळ्यांना हवं असतं तेच: शनिवार-रविवार कुठे धावायचं नाही, सकाळ-संध्याकाळ पुळणीवर चालायचं, दुपारी कोडी सोडवायची, रात्री एखादा सिनेमा, मधूनमधून गाणी. एवढं साधं मागणं असूनही रविवारी निघताना निम्मे जण दमलेले दिसतात. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. बेत घड्याळ बघून ठरतो. पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे कुणी विचारत नाही.

तिथी न बघता सुट्टी ठरवणं

एका भरतीनंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी भरती येते. म्हणजे शनिवारची वेळ रविवारी जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडच्या दर्यावर्दी माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा जी वेळ तीच थोड्या फरकाने रात्री. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब अंदाजाचा आहे, तासभर इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून नेमकी वेळ त्या गावच्या भरतीच्या तक्त्यात बघावीच. पण दिनदर्शिका हातात घेऊन सुट्टी ठरवायला तो पुरतो.

याचा अर्थ असा, की चालायला जायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा शनिवार धरावा. तेव्हा उधाण असतं; दुपारी पाणी खूप वर येतं, पण पहाटे आणि संध्याकाळी तितकंच खोल मागे जातं. ऊन नाही आणि ओली, घट्ट, सपाट वाळू दूरवर मोकळी. अष्टमीला याच्या अगदी उलट. ओहोटी भर दुपारी, आणि चालायच्या दोन्ही वेळांना पाणी वर.

आम्ही बहिणी एकदा अशाच अष्टमीच्या शनिवारी सहाला उठून पुळणीवर गेलो. सुरूच्या बनाखाली वाळूचा उतरता पट्टा तेवढा उरला होता. त्यावरून तासभर चाललो: एक पाय वर, एक खाली, आणि मऊ वाळूत टाच रुतत होती. दुसऱ्या दिवशी बहिणीचा गुडघा इतका दुखला की जिने उतरणंही जड झालं. उतरत्या वाळूवर एकाच दिशेने लांब चालणं ही फार नेहमीची चूक आहे. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळी गावातल्या पाखाडीने चाला. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत नारळी-पोफळीची आगरं, आणि डोक्यावर सावली. समुद्र दुपारी चारनंतर थोडा वेळ बघा. त्या दिवसांत भांगाचं पाणी असतं, ते पूर्ण चढतही नाही आणि पूर्ण उतरतही नाही.

खडकांच्या बाबतीत मात्र तडजोड नको. हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीच्याच वेळी, कारण खडकातल्या त्या अरुंद चिरेत लाट शिरून पाणी उंच उसळतं ते तेव्हाच. म्हणून ती लांबून, कोरड्या दगडावर उभं राहून बघायची. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेचं उलटं: कडा उतरून समुद्रालगत जाणारी ती वाट फक्त ओहोटीची आहे. पाणी चढायला लागलं की परतीचा रस्ता बंद होतो, आणि तिथे जीव गेलेले आहेत. स्थानिक माणूस ‘आता नको’ म्हणाला की वाद घालू नका. खडकावर अनवाणी जाऊ नका; शेवाळावर पाय घसरतो आणि कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात.

रत्नागिरी-राजापूरकडे असाल तर कातळशिल्पं, म्हणजे जमिनीलगतच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायला दहा-अकराला निघणं ही आणखी एक चूक. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, सावली नसते, शिवाय डोक्यावरच्या उन्हात कोरलेल्या रेषा सपाट होऊन जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच रेषांत सावली भरते आणि कशेळीचा प्रचंड हत्ती डोळ्यांसमोर उभा राहतो.

कोड्यांची दुपार का फसते

हजार तुकड्यांचं जिगसॉ दोन दिवसांसाठी आणू नका. पाचशेचं पुरे, तेही पडवीत मांडू नका. दुपारनंतर खारा वारा सुटतो, तुकडे उडतात आणि दमट हवेने पुठ्ठा फुगतो. मग बरोबर तुकडाही घट्ट बसतो आणि चुकीचा वाटतो. माजघरात, मोठ्या पाटावर किंवा प्लायवर मांडा, म्हणजे जेवणाच्या वेळी तसंच उचलून ठेवता येतं. निळ्या-राखाडी तुकड्यांची वाटणी उजेड आहे तोवर उरका. रात्री पिवळ्या बल्बखाली आकाश आणि पाणी एकाच रंगाचं दिसतं. तिथे अडकून पडण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मराठी शब्दकोडं मला यापेक्षा जवळचं. शहरात वाढलेली मुलं ते इंग्रजी कोड्यासारखं सोडवायला जातात आणि अडतात. आपल्याकडे एका चौकोनात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच चौकोन. ‘समुद्र’ तीन चौकोनांचा: स, मु, द्र. ‘स्वच्छंद’सुद्धा तीनच: स्व, च्छं, द. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे वेलांटीही जुळायला हवी. आडव्या शब्दात ‘कि’ आणि उभ्यात ‘की’ येत असेल तर दोहोंतला एक शब्द चुकलाय. तिथे ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करून पुढे गेलात तर चार शब्दांनंतर सगळं खोडावं लागतं. चौघांनी मिळून सोडवताना एकाने मोठ्याने सूत्र वाचावं आणि एकानेच लिहावं. वडीलधाऱ्यांना जुने शब्द येतात, पण त्यांना चष्म्याने बारीक चौकोन दिसत नाहीत, म्हणून ते गप्प बसतात. वाचून दाखवलं की त्याच आजी आगोट, बेगमी असे शब्द पटापट सांगतात.

सुडोकूत अंदाजाने आकडा टाकू नका, एवढंच. आणि वर्तमानपत्रातलं कोडं दुसऱ्या कुणासाठी वहीत उतरवून देणार असाल तर दिलेले आकडे मोजा. १७ पेक्षा कमी आकडे असलेल्या सुडोकूला एकच एक उत्तर असू शकत नाही, हे २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवलं गेलं. सोळाच भरले तर उतरवताना नक्की काहीतरी सुटलंय.

सिनेमा आणि गाणी

सिनेमा घरून निघतानाच उतरवून घ्या, आणि पाच मिनिटं चालवून आवाज व उपशीर्षकं तपासा. रात्री रेंज जाते, लाईट जाते, आणि कित्येक घरांत इन्व्हर्टरवर पंखा-दिवा एवढंच चालतं. लॅपटॉप दुपारीच पूर्ण चार्ज करून ठेवा. अंगणात चादर बांधून बघायची हौस सगळ्यांना असते. वाऱ्याने चादर फडफडते, किडे उजेडावर येतात आणि संवाद लाटांच्या आवाजात बुडतात. ओटीवर, भिंतीवर बघा. अडीच तासांचा गंभीर सिनेमा निवडलात तर दिवसभर चाललेली माणसं मध्यंतरालाच झोपतात. दीड तासाचा निवडा आणि जेवण साडेसातला उरका. घरगुती खानावळीत ताट दुपारीच सांगून ठेवावं लागतं, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही. सिंधुदुर्गात जत्रेच्या दिवसांत असाल आणि देवळात दशावतार असेल तर सिनेमा बाजूला ठेवा. तो खेळ पहाटेपर्यंत चालतो, म्हणून रविवारची सकाळ मोकळी सोडा.

गाणी पुळणीवर मोठ्याने लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. शेजारी कुणी मावळता सूर्य बघत बसलेलं असतं. वेळाससारख्या किनाऱ्यावर रात्री कासवं अंडी घालायला वर येतात, तिथे दिव्यांचा झगमगाटही नको. चालताना कानात इअरफोन नको: गावच्या रस्त्याला पदपथ नसतो, वळणावरून येणारी एसटी हॉर्न देते आणि तो ऐकू यायला हवा. गाणं घरात ऐका. संध्याकाळी परत आल्यावर, पाय धुऊन, दिवा लागल्यावर यमन राग लावा. आवाज इतकाच ठेवा की मधल्या शांततेत समुद्र ऐकू येईल.

रविवारी दाभोळमार्गे दापोलीकडे परतणार असाल तर धोपाव्याहून शेवटची फेरीबोट कधी सुटते ते जेटीवर शनिवारीच विचारून ठेवा. चुकली तर चिपळूणवरून मोठा वळसा घालावा लागतो.